माणूस आत आहे

बाबांना शेवटचा खेळ मीच सुचवला होता, आणि सुचवताना त्यातली एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती.

हे खेळ म्हणजे नुसता मजकूर. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर चार ओळी येतात: तुम्ही अमुक खोलीत आहात, उत्तरेला दार आहे, टेबलावर कंदील आहे. खाली आपण टाइप करायचं, कंदील उचल, उत्तरेला जा, की पुढच्या चार ओळी येतात. मी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या जोडीनं हे खेळही वीसेक वर्षं वाचत आले आहे. ‘खेळत’पेक्षा ‘वाचत’ हाच शब्द मला जवळचा वाटतो.

तीन वर्षांपूर्वी साखरेनं बाबांची नजर गेली. भिलाईला, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये ते आणि आई दोघंच. पेपर सुटला, सायकल सुटली, उरला टीव्ही. तोही त्यांना पटेना. "हा डब्बा आपल्याले काही करूच देत नाई," म्हणायचे. "सगळं तोच करून राहिला. आपण नुसते बसून." एकदा फोनवर हे ऐकताना मला सुचलं, आणि मी समोर उघडा असलेला एक खेळ त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले.

बाबांचं इंग्रजी प्लांटपुरतं होतं: व्हॉल्व्ह, परमिट, लीकेज, शटडाउन. म्हणून मी वाचता वाचता मराठी करायची आणि ते सांगतील ते इंग्रजीत टाइप करायची. रोज संध्याकाळी सात ते आठ, फोन स्पीकरवर.

"अजून काय हाय खोलीत?"

"एक शिडी आहे, बाबा."

"पक्की हाय का ते पाह्य पयले. चढू नको लगेच."

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. "बाप-लेक रोज विहिरीत उतरतात अन् रोज वर येतात," ती म्हणायची. "पाणी काई आणत नाई."

तिचा टोमणा खरा होता. बाबा तीस वर्षं प्लांटच्या गॅस सेफ्टीत होते. पाइपलाइनीत किंवा एखाद्या बंद जागेत माणसं कामाला उतरायच्या आधी मीटर घेऊन गॅस तपासायचा, माणसं मोजून आत सोडायची आणि मोजून बाहेर घ्यायची, हे त्यांचं काम. नऊ गेले तर नऊ आले पाहिजेत, आणि ज्या तोंडानं गेले त्याच तोंडानं आले पाहिजेत, कारण मोजणारा तिथं उभा असतो. तो हिशोब जुळल्याशिवाय त्यांची शिफ्ट संपत नसे. हा नियम त्यांनी खेळात आणला. आठ वाजत आले की म्हणायचे, "चाल, माणूस बाहेर काढ."

खेळ जिथं थांबवला तिथंच जतन होतो, उद्या तिथूनच सुरू करता येतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं.

"तुह्या मशीनले समजते ते," बाबा म्हणाले. "त्या माणसाले समजते का? रातभर अंधारात उभा ठेवतं का त्याले?"

त्यामुळे तासातली वीस मिनिटं परतीच्या वाटेत जायची. एका खेळात कंदिलाचं तेल दोनशे चालींपुरतंच होतं. तो आम्ही कधीच जिंकलो नाही, कारण रोजच्या येण्याजाण्यात अर्धं तेल संपायचं. तीन वर्षांत आमचे अवघे चार खेळ पूर्ण झाले.

पण त्या तीन वर्षांनी माझी मतं बदलली. कुणी नवखा विचारतो, कुठून सुरुवात करू? पूर्वी मी भाषा बघायची, पात्रं बघायची. आता बाबांच्या कानांनी ऐकते. टेकडीवरच्या बंद वेधशाळेचा एक खेळ आहे, चौदा खोल्यांचा. त्यातलं प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी उघडतं. बाबांना तो नकाशा इतका पाठ झाला की मी चुकले तर फोनवरूनच मला दुरुस्त करायचे. नवख्याला मी तोच सांगते. दुसऱ्या एका खेळात बेसावधपणे दार उघडलं की वाघ खातो आणि खेळ संपतो. लोक त्याला गमतीशीर म्हणतात. बाबा खरोखर चिडले होते. "बोर्ड नाई लावला त्यानं. धोका हाय त बोर्ड पाह्यजे ना? याचं परमिट कोणं पास केलं?" त्या खेळाबद्दल माझंही आता तेच मत आहे, आणि त्याहून चांगल्या शब्दांत मला ते मांडता येत नाही.

टाइप न करता फक्त दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा, अशाही जातीचे खेळ असतात. ते त्यांना आवडले नाहीत. "हे त हॉटेलातलं मेनू कार्ड झालं. त्यानं रांधलं तेच खाय." अपवाद एकच. त्यात एका पोस्टमास्तरीण बाईला ठरवायचं असतं, कुठलं पत्र पोचवायचं आणि कुठलं दाबून ठेवायचं. एका पत्रावर बाबांनी तीन दिवस विचार केला. सकाळी फिरताना फकिराकाकांनाही विचारलं.

फकिराकाका म्हणजे बावीस वर्षं त्यांच्यासोबत काम केलेला जोडीदार, त्याच खात्यातला. नजर गेल्यापासून रोज पहाटे बाबांचा कोपर धरून ते त्यांना मार्केटपर्यंत नेऊन आणायचे.

आता त्या शेवटच्या खेळाबद्दल. एक मोजणीदार जुन्या मिठाच्या खाणीत उतरतो. दुसऱ्या दालनात पाऊल टाकलं की मागचं लोखंडी दार बंद होतं आणि मग उघडत नाही. पुढे पुढे जात राहायचं. शेवटी खाण पलीकडच्या अंगाला समुद्रावर उघडते. ते शेवटचं पान चाळीसेक ओळींचं आहे, आणि या प्रकारातलं इतकं चांगलं गद्य मी दुसरं वाचलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी या खेळाबद्दल लिहिलं आहे, त्यांनी एकच सांगितलं आहे: परतीचा विचार सोडा.

बाबांना देण्याआधी प्रत्येक खेळ मी स्वतः खेळून बघायची, परत येता येतं की नाही याची खात्री करायची. हा तर मी दोनदा खेळले होते. दाराचं मला पक्कं माहीत होतं. तरीही दिला. मला त्या चाळीस ओळी त्यांना वाचून दाखवायच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर रोजच्या परतीला मी कंटाळले होते.

तो बुधवार होता.

"मागे दार बंद झालं," मी वाचलं.

"उघड."

"दार हलत नाही म्हणतोय."

"जोर लाव."

"तरी हलत नाही, बाबा."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"बोर्ड होता का, हर्षे?"

"नव्हता."

"तुले मालूम होतं?"

"नाही," मी म्हणाले.

आठ वाजून गेले होते. मला कॉलेजचा एक अहवाल त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. मी म्हटलं, उद्या काढू त्याला. बाबा म्हणाले, "बरं. उद्या." गुरुवारी सकाळी फिरून आले, अंगणातल्या खुर्चीवर बसले, आणि आई चहा घेऊन येईपर्यंत गेले होते.

भिलाईला पोचल्यावर चौथ्या दिवशी आईनं मला विचारलं, "तो माणूस निघाला का वो?"

मला वाटलं होतं तिला ते आठवत नसेल. "नाही अजून," मी म्हणाले.

"काढ बाई त्याले."

मी रोज लॅपटॉप उघडायची आणि मिटायची. चार चालींत मी त्याला पुढच्या अंगानं समुद्रावर नेऊन सोडू शकले असते. पण बाबांनी परत आणायला सांगितलं होतं, आणि परतीची वाट नव्हती, हे मला आधीपासून माहीत होतं. आकडा जुळला नाही याची टोचणी घेऊन ते गेले, आणि ती त्यांना मी दिली, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

पंधराव्या दिवशी घरीच बाबांच्या नावानं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, सेक्टरमधले आणि बाबांच्या खात्यातले लोक जेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सतरंज्या झटकत होते. तेवढ्यात फकिराकाका आणि त्यांच्यासोबत शामसुंदरकाका आले. शामसुंदरकाका प्लांटमध्ये ब्लोअरवर होते, हवेच्या मोठ्या मशीनवर. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी मोठ्यानं बोलायची सवय गेली नव्हती.

"जयभीम, हर्षे. ते मशीन आण," शामसुंदरकाका म्हणाले. "आपल्या तेजरामचा, तुह्या बापाचा माणूस अटकला हाय ना?"

मी आईकडे पाहिलं. आईनं फकिराकाकांकडे पाहिलं.

"मले कावून पाहून राहिली?" फकिराकाका म्हणाले. "गुरवारी सकाळी त्यानंच सांगतलं. पूरा रस्ताभर तेच. दार कसं, आवाज कसा झाला. मी मंग या शामसुंदरले सांगतलं."

"काका," मी म्हणाले, "बाबा फार काळजीत होते का?"

"कायची काळजी?"

"माणूस आत राहिला त्याची."

फकिराकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काळजी नाई. खुशीत होता थो. म्हणे, फकिरा, हर्षीनं या खेपी बोर्ड नाई लावला. मी म्हणलं, भुलली असन. म्हणे, नाई, थे भुलत नाई, थे सगळं आधी पाहून देते. म्हणजे तिकडं पुढं काई चांगलं असन, मले दाखवाचं असन तिले. सांगतलं असतं त मी गेलो नसतो ना."

आई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हणे, आज पयले मागचं दार पाहू. नाईच उघडलं त जाऊ पुढं. एवढं लपवून ठेवते त पोट्टी काय दाखवते, पाहूच."

मी आत जाऊन लॅपटॉप आणला. आणायला जरा वेळ लागला. कुणी हाक मारली नाही.

"मला माहीत होतं, आई," बाहेर येऊन मी म्हणाले. "दार बंद होतं ते. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "स्पीकर चालूच होता. तुहा आवाज मले समजत नाई का? बस आता. वाच."

मी वाचायला सुरुवात केली. दुसरं दालन. पांढऱ्या भिंती. समोरून येणारा वारा चेहऱ्याला लागतो. मागे लोखंडी दार, बंद.

"थांब थांब," शामसुंदरकाका म्हणाले. "वारा कोठून येऊन राहिला?"

"समोरून."

"अन् दार कोणीकडं उघडते? आपल्याकडं का तिकडं?"

मी पडद्यावर मागे जाऊन आधीचा मजकूर पाहिला. "आपल्याकडे. ओढायचं आहे."

"मंग!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "ताला-वाला काई नाई लागला त्याले. वारा दाबून राहिला. इकडं हवेचं प्रेशर जादा, तिकडं कमी. दहा माणसं ओढतीन तरी हलणार नाई."

"हा खेळ आहे, काका. लिहिणाऱ्यानं एवढा विचार केला नसेल. सगळ्यांनी लिहिलंय की ते दार उघडतच नाही."

"सगळे म्हणजे कोण? ब्लोअरवर होते का थे?"

"अबे, पोरीवर कायले ओरडतं," फकिराकाका म्हणाले. "हर्षे, दार पाह्य नीट. खाली पाह्य. अशा दाराले हवा सोडाले काई ना काई ठेवतात."

मी ‘दार बघ’ असं टाइप केलं. दोनदा हा खेळ खेळले, पण दाराकडे एकदाही बघितलं नव्हतं. उघडत नाही असं आधीच वाचलेलं, मग बघायचं कशाला? उत्तर आलं: गंजलेलं दार. वर पुसट आकडा. तळाशी तळहाताएवढी एक झडप.

मी वाचलं तेव्हा शामसुंदरकाका आईला म्हणाले, "पाह्यलं का वहिनी? तेजराम असता त त्याले पटलं असतं, ब्लोअरवाल्याले अक्कल असते म्हणून."

"त्याले कधी पटलं नसतं," आई म्हणाली.

झडप उघडली. वारा शिट्टीसारखा वाजत खालून वाहू लागला, असं खेळ म्हणाला. मी लगेच दार ओढलं. दार हलत नाही.

"घाई कायले करतं?" फकिराकाका म्हणाले. "प्रेशर उतरू दे. थांब म्हण त्याले."

‘थांब’ ही आज्ञा या खेळांमध्ये असते. मी ती क्वचित वापरते, एक चाल वाया जाते म्हणून. टाइप केली. शिट्टी वाजत आहे. पुन्हा थांब. शिट्टी बारीक झाली आहे. पुन्हा. दालनात शांतता आहे.

"आता ओढ," दोघं एकदम म्हणाले.

‘दार उघडलं.’

शामसुंदरकाकांनी शेजारच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून घेतलं. आम्ही पहिल्या दालनातून वर, शिडीनं वर, मग खाणीच्या तोंडाशी आलो. बाहेर गवत होतं. फकिराकाका सरळ बसले आणि अगदी नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "एक आत, एक बाहेर. बरोबर." मग त्यांनी डोळे पुसले.

मी त्या चार ओळी पुन्हा वाचत होते. ज्या कुणी हा खेळ लिहिला, त्या व्यक्तीचं नाव मला माहीत आहे, बाकी काही नाही. शेकडो लोकांनी तिचा खेळ खेळला, सगळे पुढे गेले, सगळ्यांनी पुढे जाण्याचंच कौतुक केलं. तरीही कुणी तरी मागे फिरेल असं धरून तिनं दाराला झडप ठेवली, शिट्टी बारीक होत जाण्याची वेगळी वेगळी वाक्यं लिहिली, आणि हे कुठंही सांगितलं नाही. तिचे आभार मानावेत असं मनात आलं, आणि त्या रात्रीच मी तिला पत्र लिहिलं. कुणी विचारलं तर हा खेळ मी आता नक्की सुचवेन.

"झालं?" आईनं विचारलं. "मग आता थे दाखव."

"काय?"

"थेच. जे त्याले दाखवाचं होतं. थो जाणारच होता ना पुढं."

"वहिनी बरोबर म्हणतात," शामसुंदरकाका म्हणाले. "दार त उघडं हाय आता."

आम्ही पुन्हा उतरलो. पुढची चारही दालनं मी न गाळता वाचली. फकिराकाकांनी प्रत्येक ठिकाणी छत पाहायला लावलं. मग खाण संपली, आणि मी त्या चाळीस ओळी मराठीत केल्या, जशा जमतील तशा. ओहोटीचं पाणी, मिठानं पांढरे झालेले दगड, मोजणीदार हातातली साखळी खाली ठेवतो, कारण समोर मोजण्यासारखं काहीच नाही.

"असा असते का समुद्र?" शामसुंदरकाकांनी विचारलं. "आपण काई पाह्यला नाई."

"मी पाह्यला," आई म्हणाली.

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं.

"तू होती दोन वर्षाची. तुले आजीपाशी ठेवून आमी दोघं सहा डिसेंबरले चैत्यभूमीले गेलो होतो. दर्शन झालं, अन् तुहा बाप गायब. पाहतो त हा मागं समुद्रात उभा, पायजम्यासंग. चपला हातात. मी म्हणलं, काय करून राहिले? त म्हणे, सिंधू, पलीकडचं कोणतं गाव हाय ते दिसूनच नाई राहिलं."

फकिराकाका हसायला लागले. "असंच म्हणन थो."

"पूरी गाडीभर तसाच ओला पायजमा. गोंदियापर्यंत वाळून कडक झाला, पांढरे पांढरे डाग. मी म्हणलं, घरी गेल्यावर धुवाले टाका पयले. त नाई म्हणे. म्हणे, मीठ हाय थे समुद्राचं, खरं वाटत नसन त चाखून पाह्य."

"मग?" शामसुंदरकाकांनी विचारलं.

"मग काय," आई म्हणाली. "चाखलं."